वीतभर वायर

१

करंटच्या गॅरेजात नवा माणूस आला की खुशाल खुर्चीत बसायचा. जुना माणूस आधी वाकून खुर्चीखाली बघायचा. कारण एकदा करंटनं खुर्चीच्या पत्र्याखाली हॉर्नचं बटण बसवून ठेवलं होतं. बूड टेकलं की भोंगा! पोस्टमन त्या दिवशी असा उडाला की टोपी एकीकडे, पत्रं एकीकडे, आणि तेव्हापासून तो गडी फाटकातूनच हाक मारतो, आत म्हणून पाऊल टाकत नाही.

तर असा हा करंट. बायको म्हणायची, "करंट कसला? करंटा आहे नुसता."

धंदा जुन्या गाड्यांच्या वायरिंगचा. गॅरेज घराला चिकटूनच. मधल्या भिंतीला एक खिडकी, खिडकीपलीकडे झोपायची खोली. म्हणजे इकडे हातोडी पडली की तिकडे झोप मोडायची आणि तिकडे कुणी शिंकलं की इकडे हातातला स्क्रू पडायचा.

आता ब्रेकचे दिवे तपासायचे तर एका माणसाचं काम नाही. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं मागं उभं राहून सांगायचं. हे मागं उभं राहायचं काम बायकोचं. करंट आत बसला की ओरडायचा, "अगं, ये गं जरा मागं!" ती यायची. उजव्या हातात हात पुसायचं फडकं, डावा हात कमरेवर. तशीच उभी राहायची, जशी काही गाडी तिच्याच मालकीची आणि हा भाड्याचा ड्रायव्हर.

"लागला का?"

"नाही लागला."

मग हा कुरकुरत उतरायचा, मागं जायचा. तोवर पाय ब्रेकवरून निघालेला, म्हणजे दिवा विझलेलाच असणार. खरं-खोटं करायचं कसं? वायर ओढून बघ, बल्ब फिरवून बघ, परत जाऊन बस, परत दाब.

"आता?"

"आता लागला. मघाशीही लागला होता हो. म्हटलं, बसून बसून बूड जड झालंय तुमचं, तेवढीच हालचाल."

आणि हसायची. पोटातून, खुदुखुदु, भात उकळताना झाकण हलतं तसं.

एवढ्या वर्षांत एकदाही तिनं पहिल्या झटक्याला 'लागला' म्हटलं नाही. आणि एवढ्या वर्षांत एकदाही हा न उतरता राहिला नाही. खोटं बोलतेय हे माहीत असून उतरायचा. का, ते त्याला विचारू नका. संसार केला असेल त्याला कळेल.

गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डोळे तेवढे जागे. खिडकीजवळच्या पलंगावर पडून असायची. लेक नोकरीतून रजा घेऊन येऊन राहिली होती. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं येईलही, नाहीही येणार.

करंट तिच्याशी चेष्टा करायचा. पण चेष्टेला उलटं उत्तर आलं नाही तर ती चेष्टा राहत नाही, नुसती बडबड होते. ती बडबड ऐकून त्याचं त्यालाच कसंतरी व्हायचं. त्याला बाकी काही नको होतं. तिनं एकदा 'करंटा' म्हणावं, बस.

२

ती हिरवी गाडी आली तेव्हा दुपार नुकतीच सुस्तावत होती. जुनी गाडी, गोल पाठीची, मागं दोन गोल लाल दिवे. दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणलेली. मालक म्हणजे गावातला दातांचा डॉक्टर. करंट त्याला तोंडावरच दातपाड्या म्हणायचा.

"काय दातपाडे, कुणाचं तोंड उघडं टाकून आलात?"

"आधी सांगा, खुर्चीखाली काही नाही ना?"

"नाही हो. आता कोण हसायला आहे इथं?"

दातपाड्या तरी उभाच राहिला. म्हणाला, "नुसती उभी होती हो. चावी काढलेली. शेडमधून जळका वास आला, जाऊन बघतो तर सगळं बंद. दिवे नाहीत, हॉर्न नाही, काही नाही."

"उभ्या गाडीत?"

"उभ्या गाडीत."

"आधीच्या मालकाकडेही असं व्हायचं का?"

"काय माहीत. चावी हातात दिली आणि गेला. घाईत होता." दातपाड्यानं बोनेटवरून हात फिरवला, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. "नीट करा. माझा जीव आहे तिच्यात."

"तुमचा जीव तुमच्यापाशीच ठेवा, मला इथं पसारा नको. जा आता."

दातपाड्या गेला. करंटनं बोनेट उघडलं, पहिल्यांदा बॅटरीची तार सोडवून बाजूला केली, आणि मग आत वाकला.

अशा गाड्यांत बॅटरीजवळ वीतभर वायरचा एक तुकडा असतो. बाकी वायरींपेक्षा मुद्दाम बारीक ठेवलेला. त्याला लिंक म्हणतात. कुठं काही भलतं झालं, नको तेवढा करंट धावला, तर पहिल्यांदा हा तुकडा जळतो आणि पुढची सगळी गाडी वाचते. त्याचा जन्मच त्यासाठी. गंमत अशी की जळला तरी वरून कळत नाही. वरचं रबर तसंच असतं, थोडं फुगलेलं. ओळखायचं कसं? दोन बोटांत धरून हळूच ओढायचं. आत तार शाबूत असेल तर ताठ राहतो. जळली असेल तर रबरासारखा सैल लांबतो, कारण आत काही उरलेलंच नसतं.

करंटनं ओढला. सैल लांबला.

"गेली बिचारी," तो म्हणाला.

३

लिंक कापून काढली. नवीन बसवायच्या आधी पुढं कुठं वायर घासून उघडी पडलीय का, हे बघायला तो आत सीटवर बसला. सीट जुन्या चामड्याची, दुपारच्या उन्हानं कोमट. आत एक वास होता, बंद कपाटात ठेवलेल्या स्वेटरसारखा. डोळे जड व्हायला लागले. शटरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात धूळ इतकी निवांत तरंगत होती की तिलाही झोप लागलीय असं वाटावं.

सवयीनं पाय ब्रेकवर गेला. सवयीनंच तोंडातून निघालं,

"लागला का?"

"लागला."

करंटनं मान हलवली. बरं झालं, लागला. पाय काढला. आणि मग हळूहळू, भिंतीतून ओल वर चढावी तसं त्याच्या डोक्यात चढत गेलं, की मागं कुणी नाही. बॅटरीची तार तर सोडवून बाजूला ठेवलीय. आणि तो आवाज तिचा होता.

आरशात बघितलं. मागची पांढरी भिंत. तिच्यावर जरासा गुलाबी रंग होता, सूर्य बुडाल्यावर ढगावर उरतो तेवढाच. बघता बघता गेला.

तो उतरला. आता जन्मभर दुसऱ्यांच्या खोड्या काढलेल्या माणसाला काय वाटणार? त्याला वाटलं, कुणीतरी आपली खोडी काढली. दातपाड्यानं फोनबिन लपवला असणार! बंपरखाली हात घातला. डिकी उघडली. स्टेपनीच्या मागं बघितलं. शेवटी गाडीखालीही आडवा झाला.

काही नव्हतं.

खिडकीपाशी गेला. आत ती झोपली होती. लेक खुर्चीत पेंगत होती.

"काय गं, आत्ता आई काही बोलली?"

लेक दचकली. "काय? नाही. का?"

"मग तू बोललीस?"

"बाबा, मी झोपले होते. आणि तुम्हीही झोपला होता, गालावर सीटची शिलाई उमटलीय."

करंटनं गालावर हात फिरवला. उमटली होती खरी.

झालं तर. झोपेत ऐकलं. माणूस झोपेत काय काय ऐकतो. त्यानं स्वतःला पटवून दिलं, आणि पटलं नाही म्हणून परत पटवून दिलं.

४

नवीन लिंक त्यानं नीट बसवली. बारीक वायर मोजून घेतली, टोकांना थिंबलच्या धातूच्या टोप्या दाबल्या, सोल्डर केलं, वरून रबरी स्लीव्ह चढवली. काम असं की दातपाड्यालाही दाखवावं, बघ, दात असा बसवायचा असतो.

बॅटरीची तार जोडली. सगळं शांत. सीटवर बसला. या वेळी चांगला जागा होता, तोंड धुऊन आला होता. ब्रेक दाबला. भिंत लाल झाली. ठीक आहे, आता तर व्हायलाच पाहिजे.

विचारायचं नव्हतं त्याला. अगदी ठरवलं होतं. पण तहानलेला माणूस रिकाम्या माठातही एकदा हात घालून बघतोच.

"लागला का?" हळू आवाजात म्हणाला.

"लागला. दोन्ही."

तिचाच. शंकाच नको. तो थोडा घोगरा सूर, 'दोन्ही'वर जरा लांबवायची ती ढब. करंटचे हात स्टिअरिंगवर होते, ते तसेच राहिले. त्याला भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं, आणि ते एवढं मोठं होतं की भीतीला बसायला जागाच उरली नाही.

"अगं," तो म्हणाला.

तेवढ्यात जळका वास आला. भिंतीवरचा लाल विझला. बोनेटमधून धुराची एक बारीक रेघ वर आली. उतरून लिंक ओढली. सैल.

"बाबा!" आतून लेकीची हाक आली. "जरा या. आईचा हात बघा किती तापलाय."

तो धावला. बायकोचा हात हातात घेतला. खरंच गरम, नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखा. पण कपाळ थंडच. तिचे डोळे उघडे होते आणि त्याच्याकडे लागले होते.

"ताप नाहीये," लेक म्हणाली. "आणि मघाशी ओठ हलवत होती. कितीतरी दिवसांनी."

करंट तिथंच पलंगावर टेकला. त्याच्या मनात जे आलं ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. त्याच्या मनात आलं, आवाज इथूनच निघतोय. हिच्यातच अडकून पडला होता, तो त्या गाडीच्या वायरीतून वाट काढतोय. येतोय.

आता तुम्ही म्हणाल, असा कसा वेडा? पण वायरमनला विचारून बघा. सगळं जग त्याला एवढंच दिसतं, कुठून निघतो, कुठं अडतो, कुठं पोचतो.

बायकोनं डावा हात थोडासा उचलला, बोटं हलवली. नको म्हणतात तशी. त्याला वाटलं, ये म्हणतेय.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी लिंक. तीच मोजणी, तेच सोल्डर. राळेचा धूर नाकात, बाहेर कुठंतरी कुणी गालिचा आपटत होतं, धप्, धप्, आणि तो आवाज इतका लांबून येत होता की मागच्या वर्षातला वाटावा.

"लागला का?"

"लागला. दोन्ही लागले. धरून ठेवा."

"धरलाय, धरलाय! तू बोल."

"धरून ठेवा. मी—"

वास. काळोख. सैल.

करंटनं स्टिअरिंगवर मूठ आपटली. हॉर्नही वाजला नाही. 'मी' म्हणाली. मी काय? मी येते? मी बरी आहे? त्या एका शब्दाच्या पुढं काय होतं, ते त्या वीतभर वायरनं खाल्लं.

आत लेक म्हणत होती, "आई घामाघूम झालीय बाबा. काहीतरी सांगायचंय तिला. डॉक्टरांना बोलवू का?"

"थांब. उद्या बोलेल ती."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

लेकीनं बापाकडे बघितलं. बापाच्या तोंडावर चेष्टा नव्हती. तिला त्याचीच भीती वाटली. "बाबा, तुम्ही त्या गाडीत कुणाशी बोलता?"

"गाडीशीच बोलतो. म्हातारी आहे, तिला ऐकू कमी येतं."

लेक हसली नाही.

६

एका कामाला करंट जन्मभर शिव्या घालत आला होता. ते म्हणजे डायरेक्ट. लिंक सारखी जळते ना? काढून टाका, जाडजूड तार लावा, मग जळायला काही उरतच नाही. गाडी लगेच चालते, गिऱ्हाईक खूश. आणि मग एक दिवस सगळी गाडी पेटते. करंट म्हणायचा, "डायरेक्ट करणारा वायरमन म्हणजे दाराची कडी काढून उशाशी घेऊन झोपणारा राखणदार." शेजारच्या एका मिस्त्रीनं एकदा केलं तर करंटनं त्याच्या डब्यात भाजीऐवजी जळक्या वायरी भरून पाठवल्या होत्या.

तिसऱ्या दुपारी त्यानं स्वतःच जाड तार काढली.

सोल्डरही लावलं नाही, पक्कडीनं पिळून घट्ट केली. आत कुणीतरी म्हणत होतं, अरे आधी शोध ना, एवढा करंट ओढतंय तरी कोण? उभ्या गाडीत, बंद चावीत, कोण पितंय? रोज गिऱ्हाइकाला हेच सांगतोस ना तू, लिंक बदलण्याआधी ती का जळली ते बघ?

त्यानं ते ऐकलं. ऐकून बाजूला ठेवलं. 'मी'च्या पुढचा शब्द त्याला हवा होता.

लेक आईला पेज भरवत होती. खिडकीतून चमच्याचा आवाज येत होता. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. बॅटरी जोडली. एक ठिणगी उडाली, निळी, आणि विझायला जरा जास्तच वेळ लावला तिनं.

तो सीटवर बसला. ब्रेक दाबला.

भिंत लाल झाली. जळका वास आला नाही.

७

"लागला का?"

"लागला."

"दोन्ही?"

"दोन्ही लागले. छान लागले. पाय काढू नका."

"नाही काढत. अगं, किती दिवसांनी बोललीस."

"किती दिवसांनी बोलले."

करंटच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गॅरेजात सगळं मऊ झालं होतं. बाकावरची पक्कड, भिंतीवरच्या वायरींची भेंडोळी, सगळं त्या लाल उजेडात पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. आतला चमच्याचा आवाज बंद झाला होता.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे ना."

"मग एकदा म्हण. तुझं ते. करंटा म्हण मला."

मग आवाज आला, तसाच गोड, तसाच घोगरा.

"म्हणते. पाय काढू नका. मी पुढं येते."

मागच्या बाजूला गाडी जराशी दबली, कुणी टेकल्यासारखी. मग पत्र्यावरून हात फिरवल्याचा आवाज. मागच्या मडगार्डवरून. मागच्या दारावरून. सावकाश, अंधारात भिंत चाचपत यावं तसा. करंट आरशात बघत होता. आरशात नुसता लाल.

"लागला," आवाज म्हणाला. "लागला. लागला."

आणि कुठंतरी खोल, अगदी तळाशी, करंटला काहीतरी टोचलं. हॉर्नचं बटण बुडाखाली टोचावं तसं. ही पहिल्या झटक्याला 'लागला' म्हणतेय. तिन्ही दिवस. एकदाही हसली नाही.

"...ही ...गला."

हे मागून नाही आलं. खिडकीतून आलं. आवाज कसला, गंजलेली बिजागरी. सहा महिने न वापरलेला घसा.

"नाही," खिडकीतून आलं. मग दम घेऊन, स्वच्छ, ठणठणीत, "नाही लागला हो! उतरा!"

आणि त्यामागून ते हसू. खुदुखुदु.

आता एवढ्या वर्षांची सवय. डोकं काय म्हणतंय ते विचारायच्या आधी पाय ब्रेकवरून निघाला, हातानं दार उघडलं आणि करंट कुरकुरत खाली उतरला. "काय बाई कटकट आहे हिची," असंसुद्धा म्हणाला.

त्याच्या पाठीमागं सीटचं चामडं करकरलं. कुणीतरी बसलं त्याच्या जागेवर, किंवा बसता बसता राहिलं.

ब्रेकवर पाय नव्हता. दिवे विझायला हवे होते. विझले नाहीत. भिंत उलट जास्तच लाल झाली, आणि त्यानं मागं वळून बघितलं.

गाडीमागं कुणीतरी उभं होतं. उजेड आणि भिंत यांच्या मधोमध. हात कमरेवर. तिच्यासारखाच. पण डावा नव्हता, उजवा होता. आरशातलं माणूस जसं उलटं असतं, तसं. त्यानं तिला जन्मभर आरशातच बघितलं होतं मागं उभी असलेली, आणि जे कोण होतं त्यानंही ती करंटच्याच डोळ्यांतून, तिथंच बघितली असावी.

तोंड त्यानं बघितलं नाही. बघवलं नाही, की तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, हे त्याला आजही धड सांगता येत नाही.

कटर कधी हातात आला कळलं नाही. बोनेटमधली तार लालभडक झाली होती, डाव्या हाताचं कातडं तिला चिकटलं. त्यानं दाबलं. एकदा, दोनदा.

"लाग—" अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं.

तार तुटली.

८

लेक खिडकीपाशी उभी होती, पेजेचा वाडगा हातात. रडत होती की हसत होती, दोन्ही.

"बाबा, आई बोलली! ऐकलंत? नाही लागला म्हणाली, उतरा म्हणाली, आणि हसली बाबा, ती खरंच हसली!"

करंट आत आला. ती पलंगावर पडली होती, तोंड खिडकीकडे. ओठाचा एक कोपरा वर, खोडी जमल्यावर असायचा तसा. डोळे अर्धवट मिटलेले.

"काय गं लबाडे," तो म्हणाला. "मघाशी लागला होता ना?"



तो शेजारी बसला. तिचा डावा हात उचलला. आता गरम नव्हता. वरून सगळं तसंच होतं, नखं, बांगडीचा वण, बोटावरची जुनी भाजल्याची खूण. त्यानं दोन बोटांत तिची बोटं धरली आणि अगदी हळूच ओढली.

सैल आली.

"बाबा?" लेक म्हणाली. "बाबा, काय झालं? आई?"

करंटनं तो हात तसाच धरून ठेवला. भाजलेल्या हातानंच. बराच वेळ. लेक डॉक्टरला फोन करायला बाहेर धावली, तेव्हाही त्यानं सोडला नाही.

९

गॅरेज बरेच दिवस बंद होतं. हिरवी गाडी आत तशीच, तार तुटलेली, बोनेट वर.

दातपाड्या भेटायला आला. गाडीचं नावही काढलं नाही त्यानं, बिचारा भला माणूस. करंटच्या हाताची पट्टी बघून गेला, परत आला, परत गेला. शेवटी एकदा करंटच म्हणाला, "चला, बसवून टाकू."

भर दुपारी, शटर पूर्ण वर करून, त्यानं जाड तारेचे तुकडे काढून फेकले आणि नीट मोजून बारीक लिंक बसवली. थिंबल, सोल्डर, स्लीव्ह. बॅटरी जोडली.

"बसा आत," तो दातपाड्याला म्हणाला. "ब्रेक दाबा. मी मागं उभा राहतो."

स्वतः आत बसायला तो तयार नव्हता. मागं उभा राहिला. डावा हात कमरेवर ठेवला, आणि डावाच आहे ना, हे खाली बघून खात्री केली.

दातपाड्यानं ब्रेक दाबला. दोन्ही दिवे लागले, गोल, लाल, सुंदर. दातपाड्या खिडकीतून ओरडला,

"लागला का?"

करंटनं तोंड उघडलं.

"लागला," त्याच्या खांद्याशी कुणीतरी म्हणालं. पुरुषी, थोडा खरबरीत, चेष्टेखोर आवाज. करंटनं तो आवाज जन्मभर आपल्याच घशातून ऐकला होता.

"वा!" दातपाड्या आतून म्हणाला. "बघू, दोन्ही?"

"दोन्ही लागले. धरून ठेवा. मी—"

"नाही लागला!" करंट एवढ्या जोरात ओरडला की समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. "नाही लागला! उतरा! दातपाडे, उतरा खाली म्हणतो ना!"

दातपाड्या गोंधळून उतरला. तो उतरतोय तोच बोनेटमधून धुराची रेघ वर आली. दिवे विझले. करंट पुढं गेला, लिंक दोन बोटांत धरली, ओढली. सैल. त्यानं ती कापून घेतली आणि टाकून दिली नाही. खिशात ठेवली.

"परत जळली?" दातपाड्याचा चेहरा पडला.

"जळली. तिचं काम तिनं केलं."

"मग आता?"

"आता दुसरी बसवायची. ती जळली की तिसरी. गाडी इथंच राहील, माझ्याजवळ. आणि ऐका, कुणी कितीही गोड बोललं तरी डायरेक्ट करायचं नाही."

दातपाड्यानं चष्मा काढून पुसला. त्याला काही कळेना. "पण करंट, तुम्हीच तर आत्ता म्हणालात ना, लागला म्हणून? चांगलं ऐकलं मी."

करंट खिडकीकडे बघत होता. पलीकडच्या खोलीत पलंग रिकामा होता, उशीवर ऊन पडलं होतं.

"मी नाही म्हटलं," तो म्हणाला. "आमच्या घरात पहिल्या झटक्याला 'लागला' कुणी म्हणत नाही."